वारा, मास्क आणि चहाची खोली : साथीच्या काळात कोकणातल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांचा संसर्गापासून बचाव

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ आली की रुग्णालयातून पहिली मागणी जाते ती पीपीई किटची, म्हणजे संरक्षक पोशाखाची. किट लागतंच. पण कर्मचाऱ्यांना लागण होते ती कित्येकदा किट अंगावर नसताना, नाहीतर ते उतरवताना. चहाच्या खोलीत मास्क हनुवटीवर ओढून चौघं गप्पा मारतात तेव्हा. 'साधा ताप' म्हणून ओपीडीच्या बाकावर बसवलेला रुग्ण खोकतो तेव्हा. घामेजल्या हाताने गॉगल ओढून काढला जातो तेव्हा. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी रुग्णालयाचं दार, मग हवा, मग मास्क, आणि त्यानंतर किट.

हा लेख रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं), ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयं आणि छोट्या खासगी दवाखान्यांसाठी आहे. इथे मोठ्या शहरासारखी निगेटिव्ह प्रेशरची, म्हणजे आतली हवा बाहेर पसरू न देणारी खोली मिळणार नाही. उलट दमट हवा, चार महिने पाऊस आणि जाणारी वीज हे सगळं गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

दारातच वेगळं करा

ज्या रुग्णाबद्दल संशय नाही त्याच्यापासूनच जास्त धोका असतो, कारण त्याच्यासमोर कुणी नीट मास्क लावलेला नसतो. तापाची ओपीडी इमारतीच्या आत नकोच. अंगणात मांडव घाला किंवा मोकळी पडवी वापरा. टेबल अशा बाजूला ठेवा की वारा कर्मचाऱ्याच्या पाठीकडून येऊन रुग्णाकडे जाईल. मधलं अंतर निदान १ मीटर असावं, जागा असेल तर २ मीटर. केसपेपर काढायच्या आधीच तीन प्रश्न विचारा: ताप आहे का, खोकला-घसा-धाप यांपैकी काही आहे का, गेल्या दोन आठवड्यांत घरात किंवा सोबतच्या प्रवासात कुणी आजारी होतं का. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर रुग्णाच्या हातात मास्क द्या, तो तोंडावर चढेपर्यंत थांबा आणि मग वेगळ्या बाकाकडे पाठवा. या रुग्णांचं शौचालयही वेगळं ठेवा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

पावसाळ्यात झड आत येते म्हणून मांडवाला चारही बाजूंनी ताडपत्री किंवा झाप बांधले जातात, आणि मोकळ्या मांडवाची बंद खोली होऊन बसते. आडोसा फक्त नैर्ऋत्येच्या बाजूला बांधा. त्याच्याही वर छपराखाली दीड-दोन फुटांची फट सोडा आणि बाकीच्या बाजू उघड्या ठेवा.

आणखी एक सावधगिरी. लावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेला शेतकरी दिसला की डोक्यात पहिलं नाव येतं लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस), त्यापाठोपाठ डेंग्यू आणि मलेरिया. ते बरोबरच आहे, त्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. पण म्हणून खोकल्याचा प्रश्न गाळू नका. चिखलात काम केलेल्या माणसालाही साथीचा आजार होतो. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा सणाच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरचे दोन आठवडे तापाच्या टेबलावर दुप्पट माणसं लावा.

वॉर्डातला वारा

कोकणातल्या रुग्णालयांना निसर्गाने दिलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे वारा. पण तो दिवसातून दोनदा तोंड फिरवतो, हे आखणी करताना लक्षात घेतलं जात नाही. उघाडीच्या महिन्यांत दिवसा खारे वारे समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पावसाळ्यात बहुतेक वेळ नैर्ऋत्येचा जोर असतो. दुपारी खिडक्या उघडून सिस्टरांचं टेबल 'वाऱ्याच्या बाजूला' लावलं, तर पहाटे तीन वाजता तेच टेबल रुग्णांच्या श्वासाच्या वाटेत येतं. तेव्हा ड्यूटीवर एकटी सिस्टर असते आणि डोळ्यांवर झोप असते.

यावर उपाय आहे. एक्झॉस्ट पंखे पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या भिंतीत बसवा आणि हवा आत घ्या पश्चिमेकडून. दिवसा आणि पावसाळ्यात वारा पंख्याच्या मदतीला येतो. रात्रीचा मतलई वारा मंद असतो, पंखा त्याला पुरून उरतो. उलटं केलं, म्हणजे पंखा पश्चिमेच्या भिंतीत बसवला, तर जुलैच्या वाऱ्यापुढे तो नुसताच फिरत राहील आणि पाणी आत येईल. सिस्टरांचं टेबल पश्चिमेच्या खिडक्यांशी, म्हणजे हवा आत येते तिथे ठेवा. पंख्याबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांची बसायची जागा, पाणवठा किंवा स्वयंपाकघर नसावं. पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जा किंवा तिरप्या पट्ट्यांची झडप लावली तर पावसातही त्या उघड्या राहतात. घाटाच्या पायथ्याच्या गावांत वारा दरीप्रमाणे वळतो. तिथे दिशा पुस्तकावरून ठरवू नका, तपासून ठरवा.

तपासायला उदबत्ती पुरते. दोन उदबत्त्या पेटवून रुग्णाच्या तोंडाच्या उंचीवर, खाटेच्या उशाशी धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. तो पंख्याकडे गेला पाहिजे, टेबलावरून किंवा दुसऱ्या खाटेवरून जाता कामा नये. मग वॉर्डाचं दार लावून घ्या आणि दाराखालच्या फटीशी बाहेरून उदबत्ती धरा. धूर वॉर्डात ओढला जात असेल तर ठीक. मार्गिकेकडे ढकलला जात असेल तर वॉर्डातली हवा सगळ्या इमारतीत पसरते आहे. ही चाचणी तीन वेळा करा: दुपारी, पहाटे आणि पाऊस पडत असताना. ऑक्सिजन चालू असेल त्या खाटेजवळ उदबत्ती अजिबात पेटवायची नाही. चाचणी वॉर्ड रिकामा असताना करा. वॉर्ड भरलेला असेल तर पातळ टिश्यू कागदाची पट्टी धरून दिशा बघा.

आता पंखा किती मोठा हवा ते. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा, त्याला ताशी हवे असलेल्या हवाबदलांनी, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात जितक्या वेळा बदलायची त्या आकड्याने गुणा आणि ६० ने भागा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. ४० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच वॉर्ड म्हणजे ८,००० घनफूट. ताशी १२ हवाबदल हवे असतील तर १,६०० सीएफएम, म्हणजे साधारण २,७०० घनमीटर प्रतितास. डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, सर्वसाधारण वॉर्डासाठीचा किमान आकडा दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा असा आहे. आठ रुग्णांना ती ४८० लिटर, म्हणजे सुमारे १,००० सीएफएम होते. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप आणि खाऱ्या हवेचा गंज यांनी तो बराच उतरतो, म्हणून एक पंखा जास्तीचाच धरा. हवा जिथून आत येते ते उघडं क्षेत्रही पुरेसं मोठं हवं. बंद खोलीत पंखा हवा ओढणार कुठून?

हवाबदलांचा फरक किती पडतो ते या हिशेबावरून कळेल. रुग्ण खोलीतून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला ताशी १२ हवाबदल असतील तर २३ मिनिटं लागतात, ६ असतील तर ४६, आणि फक्त २ असतील तर १३८ मिनिटं. म्हणजे रुग्ण हलवल्या हलवल्या सफाईची मावशी आत शिरली तर तिला मास्कशिवाय चालणार नाही. सफाईआधी थांबण्याची ही वेळ दारावर खडूने लिहून ठेवा.

खिडक्या लावून स्प्लिट एसी चालवणं ही साथीतली सर्वांत महाग चूक. तो तीच हवा थंड करून फिरवत राहतो, बाहेरची घेत नाही. हवा पुरते की नाही हे कळायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर उपयोगी पडतो. बाहेर आकडा साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो. माणसं असताना वॉर्डात तो ८०० च्या वर टिकून राहिला तर ताजी हवा कमी पडते आहे. मीटर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या सेन्सरचाच घ्या. सॅनिटायझरच्या वाफेने ज्याचा आकडा उडतो तो मीटर या कामाचा नाही.

पंधरा दिवसांतून एकदा पंख्याची पाती आणि झडप पुसा. खाऱ्या हवेत झडपेच्या खिट्या जाम होतात आणि पंखा फिरत असूनही हवा जात नाही. दुरुस्तीनंतर जाळीवर कागदाचा तुकडा धरा. चिकटला तर ठीक, उडाला तर वायरिंग उलटं झालंय.

मास्क: चेहऱ्याला बसतो का

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणारं कापड. पण गालाशी फट असेल तर हवा कापडातून न येता फटीतूनच येते. म्हणून 'किती मास्क आले' याइतकाच 'कुणाला कुठला बसतो' हा प्रश्न महत्त्वाचा. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क घट्ट बसतो. खरेदीत तोच मागा.

लावायची रीत अशी. हात स्वच्छ करा. मास्क तळहातात घेऊन हनुवटीखालून वर चढवा. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा मानेवर. पट्टे एकमेकांवरून ओलांडू देऊ नका. अंबाडा असेल तर वरचा पट्टा त्याच्या वर राहिला पाहिजे. तो अंबाड्याखाली घसरला की गालाजवळ फट पडते. गजरा ड्यूटीवर नको. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये कोन होतो आणि तिथून हवा निसटते. मग दोन्ही तळहात मास्कवर झाकून जोरात श्वास सोडा. कडेने वारा लागला तर पुन्हा बसवा. श्वास आत घ्या, मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. हे दर वेळी करायचं, शंभराव्या वेळीही. गॉगलवर वाफ धरत असेल तर दोष गॉगलचा नाही. मास्कची नाकाजवळची बाजू गळते आहे.

दाढी असेल तर मास्क बसणारच नाही. खुंट वाढले तरी फरक पडतो. ही गोष्ट मामांना आणि ब्रदरना स्पष्ट सांगा.

वर्षातून एकदा आणि मास्कचा ब्रँड बदलला की फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी करा. १०० मिली कोमट पाण्यात ८३ ग्रॅम सोडियम सॅकरिन विरघळवा, हे झालं चाचणीचं द्रावण. त्यातलं १ मिली १०० मिली पाण्यात मिसळलं की झालं ओळखीचं द्रावण. कर्मचाऱ्याने आधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काही खाल्लेलं-प्यालेलं नसावं. डोक्यावर पारदर्शक टोप घाला. आधी मास्कशिवाय, तोंड किंचित उघडं ठेवून, ओळखीच्या द्रावणाचा हातपंपाच्या नेब्युलायझरने फवारा सोडा आणि पंप किती वेळा दाबल्यावर गोड चव लागते ते मोजा: १०, २० की ३०. मग मास्क लावून चाचणीच्या द्रावणाचे तितकेच दाब सोडा आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. या वेळात एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, कमरेत वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. मध्येच गोड लागलं तर तो मास्क त्या चेहऱ्यासाठी नाही. दुसरा आकार किंवा दुसरी बनावट बघा. ज्याला मास्कशिवायही चव लागत नाही त्याची चाचणी बिट्रेक्स या कडू द्रावणाने करा. निकाल नावासह वहीत लिहा आणि स्टोअरमधून त्याच नंबरचा मास्क द्या.

झडपेचा मास्क रुग्णालयात नको, त्यातून सोडलेला श्वास न गाळताच बाहेर जातो. एन-९५ धुवायचा नाही, त्यावर सॅनिटायझर मारायचं नाही. त्याच्या तंतूंवरच्या स्थिर विद्युतभारामुळे बारीक कण पकडले जातात. अल्कोहोलने तो भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो.

तुटवड्यात मास्क पुन्हा वापरावाच लागला तर प्रत्येकाला पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या द्या, त्यांवर १ ते ५ आकडे घाला आणि रोज पाळीने एक वापरा. दोन वापरांत किमान ७२ तास जातात. एक मास्क पाच वेळांपेक्षा जास्त चढवू नका. इथली खरी अडचण दमटपणाची आहे. जुलैमध्ये कागदी पिशवीसुद्धा ओलसर होते. पिशव्या ढिगाने न ठेवता दोरीला एकेक टांगा, पंखा असलेल्या कोरड्या खोलीत. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. मास्क ओला झाला, पट्टा सैल झाला, रक्त उडालं किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं की आकडा कितीही असो, टाकून द्या.

किट घालणं सोपं, उतरवणं कठीण

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख म्हणजेच सुरक्षितता असं वाटतं, पण श्वासावाटे पसरणाऱ्या बहुतेक आजारांत लांब बाह्यांचा गाऊन, हातमोजे, एन-९५ आणि डोळ्यांचं संरक्षण एवढं पुरतं. मे महिन्यातल्या कोकणात हा बंद पोशाख, म्हणजे कव्हरऑल, हा स्वतःच एक धोका आहे. घाम वाळत नाही, शरीर तापतं, आणि गुदमरलेला माणूस घाईने उतरवताना चुका करतो. शक्य तिथे गाऊनच वापरा. कव्हरऑल घ्यायचंच असेल तर आयएस १७४२३ या मानकाचं घ्या.

चढवायच्या आधी शौचाला जाऊन या, अर्धा लिटर पाणी प्या, अंगठी-घड्याळ-बांगड्या काढा. मग हात स्वच्छ, गाऊन, मास्क आणि त्याची गळती-तपासणी, गॉगल किंवा फेस शिल्ड, टोपी, आणि शेवटी गाऊनच्या बाहीवरून हातमोजे. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको. एप्रिल-मेच्या दुपारी अडीच-तीन तासांतच माणूस बदला. पायात गोळे, चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं की ताबडतोब बाहेर. बाहेर आल्यावर ओआरएस.

उतरवण्यासाठी वेगळी जागा हवी. संडासाच्या बोळात हे काम होत नाही. दोन दारं असलेली खोली असेल तर उत्तम. नसेल तर फरशीवर लाल पट्टी ओढून मळकी आणि स्वच्छ बाजू ठरवा. आरसा, खुर्ची, पायाने उघडणारे डबे, सॅनिटायझर हाताशी ठेवा. समोर मास्क लावलेला सोबती उभा करा, तो एकेक पायरी मोठ्याने वाचेल आणि हा करेल:

१. बाहेरून बघा: फाटलंय का, रक्त आहे का. हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळा.
२. हातमोजे काढा. दोन जोड्या असतील तर फक्त बाहेरची. पहिला मोजा बाहेरून चिमटीत धरून उलटा काढा, दुसरा आतून बोट घालून.
३. गाऊनचे बंद मागून सोडा, खांद्यांकडून पुढे ओढा, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत डब्यात. कव्हरऑल असेल तर आधी टोपडं मागे सारा, मग खांद्यावरून आतून बाहेर उलटत पायापर्यंत.
४. हात स्वच्छ. डोळे मिटून पुढे वाका, गॉगलचा मागचा पट्टा धरून काढा. पुढच्या काचेला हात नाही.
५. आतली जोडी असेल तर ती काढा, हात स्वच्छ.
६. खोलीबाहेर या. मास्क सर्वांत शेवटी: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या बाजूला स्पर्श न करता.
७. पुन्हा हात स्वच्छ, मग तोंड.

चुका ठरलेल्या आहेत. घामाने मोजा चिकटतो आणि ओढताना फटकन सुटून थेंब उडतात, म्हणून सावकाश. नाक खाजतं म्हणून तिसऱ्याच पायरीला मास्क काढला जातो. मोबाइल किटच्या आत ठेवलेला असतो. बुटांवरची प्लास्टिक आवरणं ओल्या फरशीवर घसरतात. त्यांच्याऐवजी धुता येणारे गमबूट बरे.

चहाची खोली आणि पाळ्या

मास्क काढला जातो ती प्रत्येक जागा वॉर्डाइतकीच गंभीरपणे घ्या. डबा खायची खोली बंद करा आणि मागच्या पडवीत खुर्च्या एका ओळीत, बाहेर तोंड करून ठेवा. एका वेळी दोघं, सहा फूट अंतर, पंधरा मिनिटं. वेळा भिंतीवर लावा. एकमेकांच्या डब्यातलं खाणं थोडे दिवस थांबवावं लागेल. ते जड जातं, पण साथीत हे जपायलाच हवं. रात्रपाळीची झोपायची खोली एकाच माणसाची. ड्यूटीच्या गाड्या भरून नेऊ नका, काचा उघड्या ठेवा.

वॉर्डासाठी ठरावीक गट करा आणि गट मिसळू देऊ नका. एका गटात लागण झाली तर दुसरा काम चालवेल.

वॉर्डात कफ ओढणं, श्वासनलिकेत नळी घालणं, नेब्युलायझर अशा कामांच्या वेळी हवेत कण वाढतात. नेब्युलायझरऐवजी स्पेसरसह (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) इनहेलर वापरा. नळी घालताना खोलीत कामापुरतीच माणसं ठेवा.

हात, टीसीएल आणि सफाई

सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. ओल्या हातावर सॅनिटायझर पातळ होतं, पावसाळ्यात हे सतत घडतं. आधी हात कोरडा करा. पुरवठा तुटला तर डब्ल्यूएचओच्या सूत्राने १० लिटर असं बनतं: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. बाटल्या ७२ तास ठेवून मग वापरा. हे काम औषधनिर्मात्याने करावं, आगीपासून लांब.

गावात विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर जंतुनाशक द्रावणालाही चालते. पण तिच्यात क्लोरीन किती आहे हे न बघता चमचे मोजले तर सगळं व्यर्थ. ताजी पावडर साधारण ३० टक्क्यांच्या वर असते. पोतं उघडं राहिलं की दमट हवेत भरभर उतरते. १ टक्क्याच्या द्रावणाला १० लिटर पाण्यात ३० टक्क्यांची पावडर ३३० ग्रॅम लागते, २५ टक्क्यांची ४०० ग्रॅम, २० टक्क्यांची ५०० ग्रॅम. ०.१ टक्क्याला याचा दहावा भाग. अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी वापरा, रोज ताजं बनवा. ५ टक्क्यांचं तयार हायपोक्लोराइट असेल तर १ भागाला ४ भाग पाणी घातलं की १ टक्का होतं.

रक्त सांडलं असेल तिथे १ टक्का. फरशी आणि खाटांसाठी शासकीय सूचनांत १ टक्काच सांगितला जातो, तर डब्ल्यूएचओ ०.१ टक्का पुरेसा मानते. बंद खोलीत १ टक्क्याने सफाई कामगारांना ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. खिडक्या उघड्या ठेवूनच वापरा. मळ असेल तर क्लोरीन त्यातच संपतो, म्हणून आधी साबणाने पुसा, मग द्रावण लावून १० मिनिटं ओलं ठेवा. धातूवर ७० टक्के अल्कोहोल. अॅसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये हे द्रावण कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. कोरडा झाडू बंद, ओला पोछा. माणसांवर फवारणी करू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्येच ती नको म्हणून कळवलं होतं.

चादरी झटकू नका. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून खाटेमागे तीनऐवजी पाच संच लागतील.

कचऱ्यात वापरलेले मास्क, टोप्या आणि कापडी गाऊन पिवळ्या पिशवीत. गॉगल, फेस शिल्ड, प्लास्टिकचे कव्हरऑल, नायट्राइल मोजे लाल पिशवीत. पिशव्या दुहेरी. ४८ तासांपेक्षा जास्त साठवायच्या नाहीत. दरड कोसळून गाडी अडली तर काय करायचं हे जिल्ह्याशी आधीच ठरवा. खोल खड्ड्यात पुरण्याच्या नियमानुसार भूजल खड्ड्याच्या तळापासून निदान ६ मीटर खाली हवं. इथल्या पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात तेव्हा ही अट क्वचितच पाळली जाईल.

रुग्णवाहिका

तालुक्यातून जिल्ह्याला न्यायचं तर दोन-तीन तास सहज जातात, म्हणजे चालक आणि डॉक्टर बंद डब्यात रुग्णासोबत तितका वेळ असतात. पार्टिशन नसेल तर जाड पारदर्शक प्लास्टिक चिकटवा. हवेची कळ बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. चालकाची आणि मागची, अशा दोन्हीकडच्या काचा थोड्या उघड्या. चालकालाही एन-९५, आणि त्याचीही फिट टेस्ट.

ताप आलेला कर्मचारी

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला वहीत तापमान, खोकला, अंगदुखी लिहा. पण ज्याचा दिवसाचा पगार कापला जाणार आहे तो खोकला लपवणारच. कंत्राटी सफाई कामगार, मावशी, वॉर्डबॉय यांना आजारपणाची भरपगारी रजा मिळेल हे कंत्राटातच लिहून घ्या. आणि दोन पाळ्यांची राखीव माणसं ठेवा, म्हणजे 'तुझ्यावाचून अडेल' असं कुणाला म्हणावं लागणार नाही. लस असेल तर भारतात १६ जानेवारी २०२१ला कोविडचं लसीकरण जसं आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झालं तशी यादी तयार हवी, आणि त्यात झाडू मारणाऱ्या माणसाचं नाव डॉक्टरांच्या नावाइतक्याच काळजीने लिहिलेलं हवं. आशाताईंचंही.

मास्कशिवाय, बंद खोलीत, रुग्णाजवळ काही वेळ गेला असेल तर तो जोखमीचा संपर्क. त्या व्यक्तीला कामावरून काढून तपासणीला पाठवा. कारण विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

आगोटीआधीचा साठा

घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करतात तशी रुग्णालयाचीही ३१ मेच्या आत करा. हिशेब सोपा. विलगीकरण वॉर्डात दर पाळीला ५ माणसं, सहा तासांच्या ४ पाळ्या, म्हणजे २०. तापाची ओपीडी ३, प्रयोगशाळा १, रुग्णवाहिका २. दिवसाला २६ एन-९५. २१ दिवसांचे ५४६, वर २० टक्के धरून ६५५. हातमोजे: ८ रुग्ण, प्रत्येकी दिवसाला १२ वेळा स्पर्श, म्हणजे ९६ जोड्या, २१ दिवसांच्या सुमारे २,०००, वर २० टक्के धरून १०० नगांची ४९ खोकी. मागणीत आकारही लिहा. 'लार्ज'च येतात आणि बारीक हातांच्या सिस्टरांच्या बोटांची टोकं सुरकुतून शीर सापडत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते कोविडच्या ऐन धामधुमीत, आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही साथ चालूच होती. तेव्हा निदान दोन एक्झॉस्ट पंखे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. जनरेटर पुराच्या जुन्या खुणेच्या वर बसवा. साठा वरच्या मजल्यावर, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ओल धरलेल्या खोक्यातल्या मास्कचे पट्टे हातात घेताच तुटतात. दर महिन्याला प्रत्येक खोक्यातून एक मास्क काढून पट्टा ताणून बघा, खोक्यावर तारीख लिहा आणि जुना माल आधी वापरा.